एवढं बोललेलं चालतं ना गं?

आज दुपारी आत्याकडे गेले होते. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. काकांच्या पित्ताशयातले खडे काढायचेत म्हणाल्या आणि दवाखान्याचं नाव घेतलं. तोच दवाखाना. आत्या एवढंच म्हणाली, "आणखी एका डॉक्टरांना दाखवून घ्या." काकू गेल्या, आत्याने दार लावलं आणि हळूच मला विचारलं, "एवढं बोललेलं चालतं ना गं?"

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

4 वर्षांपूर्वी याच ऑपरेशनमध्ये तिची पित्तनलिका कापली गेली. ग्राहक आयोगात तक्रार केली, तारखांवर तारखा पडल्या. शेवटी दवाखाना तडजोडीला आला: पैसे घ्या, तक्रार मागे घ्या, कुणाकडे वाच्यता करू नका. तिने सही केली. उपचारांचं कर्ज डोक्यावर होतं, काय करणार होती? पुढे सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं म्हणून तिने दोन ओळी लिहिल्या. त्या दोन ओळींसाठी दवाखाना दिवाणी कोर्टात गेला आणि तात्पुरता मनाई हुकूम घेऊन आला. मोडला तर मालमत्तेवर जप्ती, 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. 62 वर्षांच्या बाईला, खरं बोलली म्हणून!

सही केली होती ना, असं म्हणणारे येतीलच. केली होती, मान्य. मग पैसे परत मागा, भरपाईचा दावा लावा. पण कोर्टाने आपला शिक्का मारून माणसाचं तोंड का बंद करावं? त्या कागदात काकांची सही कुठे होती? ऑपरेशन तर त्यांचं व्हायचंय.

इंग्लंडमध्येही हेच झालं होतं. टॉपशॉप या कपड्यांच्या दुकानांचे तेव्हाचे मालक फिलिप ग्रीन. 5 कर्मचाऱ्यांच्या लैंगिक छळ आणि वांशिक शेरेबाजीच्या तक्रारी, पैसे देऊन गुप्ततेचे करार. 'डेली टेलिग्राफ' बातमी छापणार होता. हायकोर्टाने मनाई नाकारली, पण 23 ऑक्टोबर 2018 ला वरच्या कोर्टाने ती दिली. कारण काय, तर करार वकिलांच्या सल्ल्याने झाले होते. दोनच दिवसांनी खासदार पीटर हेन यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, उभं राहून ग्रीन यांचं नाव घेतलं. संसदेत बोललेल्यावर खटला चालत नाही म्हणून ते जमलं. ग्रीन यांनी आरोप नाकारले, पुढच्या वर्षी दावाही सोडून दिला. तक्रारदारांपैकी दोघांचा मनाईला पाठिंबा होता, हेही खरं. त्यांची नावं झाकाच, तो त्यांचा हक्क. पण आत्याला बोलायचंय, आणि तिच्यासाठी कोण उभं राहणार संसदेत?

आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा आहे. समेट पैशांच्या आधारावर करता येणार नाही, असं त्याचं कलम 10 सांगतं. म्हणजे पैसे देऊन प्रकरण कसं मिटवतात हे कायदा करणाऱ्यांना कळत होतं. मग दवाखान्यांच्या बाबतीत का नाही कळत?

आत्याचा राग येत नाही मला. आधी यायचा, का सही केलीस म्हणून भांडलेही होते तिच्याशी. आज तिचा तो दबका आवाज ऐकला आणि लाज वाटली.

हे लिहितानाच तिचा फोन आला. काकूंनी पुन्हा विचारलंय, "ताई, तुमचं ऑपरेशन तिथेच झालं होतं ना? कसा अनुभव?" काय उत्तर देऊ, म्हणून ती मला विचारतेय. काकांची तारीख सोमवारची आहे.