जानेवारीतली खरेदी वायाच जाते, हे खरं नाही

डिसेंबर लागला की इंग्लिश फुटबॉल पाहणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोत, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुभा असलेल्या काळात, क्लब जे काही करतात ते घाबरून करतात. तेव्हा घेतलेले खेळाडू चालत नाहीत, किंमत फुगलेली असते, खेळाडू रुळेपर्यंत सीझन संपतो, म्हणून शहाणा क्लब आहेत त्याच खेळाडूंवर आणि अकादमीतल्या पोरांवर भरवसा ठेवतो. पुरावा म्हणून चेल्सीच्या निळ्या जर्सीतला फर्नांडो तोरेस दाखवतात. अलीकडे त्यात इटलीतल्या नापोली क्लबच्या विजेतेपदाची भर पडली आहे.

हा दावा मला साफ चुकीचा वाटतो. तो इतक्या वेळा पुढे पाठवला जातो, की राखीव खेळाडूंचं बेंच रिकामं ठेवणाऱ्या क्लबला आपण चाहतेच शाबासकी देऊन बसतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"तोरेस आणि कॅरल आठवा."

31 जानेवारी 2011 ला चेल्सीने 5 कोटी पौंड मोजून लिव्हरपूलकडून तोरेसला नेलं आणि लिव्हरपूलने साडेतीन कोटी न्यूकॅसलला देऊन अँडी कॅरलला आणलं. दोन्ही सौदे फसले, यात वाद नाही. पण त्याच दिवशी लिव्हरपूलने आयॅक्सकडून लुईस सुआरेझला सव्वादोन कोटींच्या आसपास घेतलं आणि चेल्सीने बेन्फिकाकडून दाविद लुईझला. तारीख तीच आणि क्लबही तेच दोन. दोष महिन्याचा असता तर चौघेही बुडायला हवे होते. तोरेसच्या गुडघ्यावर 2010 मध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि त्याचा पूर्वीचा वेग राहिला नव्हता. त्याला ऑगस्टमध्ये घेतलं असतं तरी तो तितकाच अडखळला असता.

मँचेस्टर युनायटेडचे नेमान्या विदिच आणि पात्रिस एव्हरा 2006 च्या जानेवारीतले. लिव्हरपूलने 2018 च्या जानेवारीत व्हर्जिल व्हॅन डाइकसाठी साडेसात कोटी पौंड दिले आणि मे महिन्यात तो संघ चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होता. फसलेली खरेदी उन्हाळ्यातही भरपूर होते. आर्सेनलने निकोला पेपेला 2019 च्या उन्हाळ्यात घेतलं, युनायटेडने अँटनीला 2022 च्या. त्यावरून उन्हाळी विंडो बंद करा असं कोणी म्हणत नाही.

"जानेवारीत किंमत फुगते."

हे निम्मं खरं आहे. सीझनच्या मध्यावर कोणताही क्लब आपला नियमित खेळाडू सहजासहजी सोडत नाही, आणि सोडलाच तर भरपाई मागतो. पण बेंच भरायला नियमित स्टारच लागतो असं कुठे आहे? ज्याच्या करारात थोडे महिने उरले आहेत, ज्याचं प्रशिक्षकाशी फाटलं आहे किंवा जो मोठ्या क्लबच्या बाकावर बसून कंटाळला आहे, असा खेळाडू जानेवारीत स्वस्त पडतो.

2023 च्या जानेवारीत आर्सेनल गुणतक्त्यात पहिलं होतं आणि त्यांना मिखायलो मुद्रिक हवा होता. चेल्सीने बोली चढवली, आर्सेनलने हात आखडता घेतला. मग त्यांनी ब्राइटनच्या प्रशिक्षकाशी बिनसलेल्या लिआंद्रो त्रोसारला आणलं, आणि विंडोच्या शेवटच्या दिवशी चेल्सीतून जोर्जिन्योला 1.2 कोटी पौंडांत घेतलं. जोर्जिन्योच्या कराराचे जेमतेम पाच महिने उरले होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये फुलहॅमच्या मैदानावर आर्सेनलने पहिल्या अर्ध्यातच तीन गोल केले, आणि तिन्ही गोलांचे पास त्रोसारचे होते.

त्याच्या दहा वर्षं आधी, 2013 च्या जानेवारीत, लिव्हरपूलने डॅनियल स्टरिजला 1.2 कोटींत आणि फिलिप कुटिन्योला 85 लाखांत घेतलं होतं. पुढच्या सीझनला स्टरिजने प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मुख्य लीगमध्ये, 21 गोल केले आणि लिव्हरपूल थोडक्यात विजेतेपदाला मुकलं. पुढे कुटिन्योला बार्सिलोनाला विकून जे पैसे आले, त्यातून वर सांगितलेल्या व्हॅन डाइकची किंमत वसूल होऊनही भरपूर उरली. या सगळ्यात फुगलेली किंमत कुठे दिसते?

"रुळेपर्यंत सीझन संपतो."

काहींचा संपतो. एव्हराला पदार्पणातच मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला बाहेर काढावं लागलं होतं. पण नंतर 2007, 2008 आणि 2009 अशी ओळीने तीन लीग विजेतेपदं जिंकणाऱ्या बचावात तो आणि विदिच होते. खेळाडूशी करार चार-पाच वर्षांचा होतो, आणि त्याचा निकाल मात्र पहिल्या चार महिन्यांत लावायचा, हे कुठलं मोजमाप?

उलट उदाहरणंही आहेत. ब्रुनो फर्नांडिस 2020 च्या जानेवारीअखेर युनायटेडमध्ये आला आणि त्या सीझनच्या उरलेल्या लीग सामन्यांत युनायटेड एकदाही हरलं नाही. मध्ये कोविडमुळे तीन महिने खेळ थांबला होता, हे धरायला हवंच, पण थांबण्यापूर्वीही फरक स्पष्ट दिसत होता. आपल्या मुंबई सिटीचं पाहा. 2023-24 च्या मोसमात ग्रेग स्टुअर्ट मध्येच संघ सोडून गेला, आणि मधल्या विंडोत स्लोवाकियाचा याकुब वोय्तुश आला. 4 मे 2024 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, खचाखच भरलेल्या गर्दीसमोर, मुंबईने मोहन बागानला 3-1 असं हरवून आयएसएल (इंडियन सुपर लीग) करंडक जिंकला. भरपाई वेळेतला तिसरा गोल वोय्तुशचा होता.

"आहेत त्यांच्यावर भरवसा ठेवा."

ऐकायला सगळ्यात गोड आणि मैदानावर सगळ्यात महाग पडणारा मुद्दा हाच. आर्सेनलचा 2024-25 चा सीझन यासाठी नीट पाहण्यासारखा आहे.

21 डिसेंबरला बुकायो साकाचं हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेलं. 12 जानेवारीला युनायटेडविरुद्ध एफए कप या इंग्लंडमधल्या बाद फेरीच्या स्पर्धेत गॅब्रिएल जेझुसच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. विंडो उघडी होती, तीन आठवडे हातात होते. ऑली वॉटकिन्ससाठी अखेरच्या दिवसांत दिलेला प्रस्ताव ॲस्टन व्हिलाने फेटाळला, आणि आर्सेनलने कोणालाही न घेता विंडो संपू दिली. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आधी गॅब्रिएल मार्टिनेली आणि मग काई हावर्ट्झ, दोघेही हॅमस्ट्रिंगनेच जायबंदी झाले. अस्सल स्ट्रायकर म्हणावा असा एकही तंदुरुस्त खेळाडू उरला नाही.

मग मिडफिल्डर मिकेल मेरिनोला पुढे पाठवलं. लेस्टरविरुद्ध त्याने बदली म्हणून येऊन दोन गोल ठोकले आणि "बघा, भरवसा ठेवला की होतं" असा जल्लोष झाला. पुढच्याच सामन्यात घरच्या मैदानावर वेस्ट हॅमकडून 0-1 असा पराभव झाला, त्यानंतर नॉटिंगहॅम फॉरेस्टशी गोलशून्य बरोबरी, मग युनायटेडशी 1-1. मेरिनोने जीव ओतून काम केलं, त्याच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण तो पुढे गेल्यामुळे मधल्या फळीतला एक चांगला गडी कमी झाला, आणि हा हिशेब कोणी मांडत नाही. बेंचवर माणूस नसला की नुकसान एका जागेचं होत नाही. एकाची जागा भरायला दुसरा सरकतो, दुसऱ्याची भरायला तिसरा, आणि शेवटी तीन जण आपल्याला न जमणारं काम करत असतात.

29 एप्रिलला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना लंडनमध्ये पॅरिसच्या पीएसजी क्लबशी झाला. थॉमस पार्टे निलंबित असल्यामुळे मेरिनोला पुन्हा मध्ये यावं लागलं आणि पुढे विंगर त्रोसार उभा राहिला. चौथ्याच मिनिटाला उस्मान डेम्बेलेने गोल केला आणि पीएसजीने सामना 1-0 असा जिंकला. त्या गोलचा पास ख्विचा क्वारात्स्खेलियाचा होता. पीएसजीने त्याला नापोलीकडून आणलं होतं ते त्याच जानेवारीत. महिनाभराने म्युनिकमध्ये इंटरला 5-0 असं लोळवून पीएसजी युरोपचं विजेतं झालं, आणि पाचांतला एक गोल त्याचा होता.

एक स्ट्रायकर घेतला असता तर आर्सेनलने लीग जिंकली असती असं मी म्हणणार नाही. लिव्हरपूल 10 गुणांनी पुढे राहिलं, आणि दहा गुण एका माणसाने भरून निघतातच असं नाही. पण त्या उपांत्य सामन्यातलं आर्सेनलचं स्वतःचं नाव-यादीपत्रक पाहा. जखमी बचावपटू गॅब्रिएल मगाल्याइशच्या जागी याकुब किविओर होता, जो त्याआधी रेआल माद्रिदविरुद्धच्या दोन्ही विजयांत उभा राहिला होता. पुढे त्रोसार होता. दोघेही 2023 च्या जानेवारीतली खरेदी. ज्या विंडोला नावं ठेवतात, तिनेच तो संघ उपांत्य फेरीपर्यंत तगवला होता.

किविओरच्याच बाबतीत उलटी बाजूही सांगायला हवी. 2023 च्या मार्चमध्ये विल्यम सलिबा जायबंदी झाला तेव्हा किविओर संघात होता, तरी सामने रॉब होल्डिंगला मिळत राहिले. लिव्हरपूल, वेस्ट हॅम, साउथॅम्प्टन अशा ओळीने तीन बरोबऱ्या झाल्या. सिटीकडून 4-1 असा मार खाल्ल्यानंतर किविओरला ती जागा मिळाली, तोवर आघाडी निसटली होती. राखीव खेळाडू विकत घेऊन न खेळवणं ही प्रशिक्षकाची चूक आहे. तिचं खापर जानेवारीवर फोडता येत नाही.

अकादमीच्या पोरांबद्दल इतकंच म्हणतो की त्यांना संधी मिळावी ती त्यांची वेळ झाली म्हणून. बाकीचे सगळे दवाखान्यात आहेत म्हणून नव्हे.

"नापोलीने क्वारात्स्खेलियाला विकूनही लीग जिंकली."

जिंकली, इंटरपेक्षा एका गुणाने. पण आदल्या सीझनला नापोली दहाव्या स्थानावर राहिलं होतं, म्हणून 2024-25 मध्ये त्यांना युरोपातली एकही स्पर्धा नव्हती. इटालियन कपमधूनही ते डिसेंबरमध्येच बाद झाले होते. जानेवारीनंतर त्यांना आठवड्याला एकच सामना होता, आणि तेवढ्याला चौदा-पंधरा जणांचा संघ पुरतो. आर्सेनलला त्याच जानेवारीत लीग, लीग कपची उपांत्य फेरी, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असं सगळं खेळायचं होतं. चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात त्या वर्षापासून सहाऐवजी आठ सामने झाले आणि तो टप्पा जानेवारीअखेरपर्यंत लांबला. शिवाय प्रीमियर लीगमध्ये 2022-23 पासून पाच बदली खेळाडू उतरवता येतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या बेंचवरचे पाच ताजे गडी तुमच्या दमलेल्या अकरांवर सोडले जातात. अशा क्लबला नापोलीचं उदाहरण लागू पडत नाही.

"लिव्हरपूलने 2021 मध्ये घेतले होते की दोघे. काय झालं?"

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी सगळ्यात गंभीरपणे घेतो, कारण यात तथ्य आहे. व्हॅन डाइक ऑक्टोबर 2020 मध्ये जायबंदी झाला, जो गोमेझ नोव्हेंबरमध्ये, जोएल मातिप जानेवारीअखेर. 1 फेब्रुवारीला, विंडोच्या शेवटच्या दिवशी, लिव्हरपूलने प्रेस्टनहून बेन डेव्हिसला आणि शाल्केकडून लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी उसना, ओझान कबाकला आणलं. डेव्हिस लिव्हरपूलकडून एकही सामना खेळला नाही. कबाक 13 सामने खेळून परत गेला. त्या सीझनला अ‍ॅनफिल्डवर लीगचे सलग सहा सामने हरण्याची वेळ आली.

पण मार्चमध्ये काय बदललं ते पाहा. लाइपझिग आणि वुल्व्ह्जविरुद्ध बचावात कबाक आणि नॅट फिलिप्स उभे राहिले, तेव्हा कित्येक महिने सेंटर-बॅक (बचावाच्या मध्यभागी खेळणारा) म्हणून अडकलेला फाबिन्यो पुन्हा मधल्या फळीत गेला. दोन्ही सामने लिव्हरपूलने जिंकले. कबाक पुढे जायबंदी झाल्यावर त्याची जागा अकादमीतल्या रिस विल्यम्सने घेतली, फाबिन्यो मध्येच राहिला, आणि शेवटचे पाचही लीग सामने जिंकून संघ तिसरा आला. पोरांनी कमाल केली हे मान्य. पण कबाक काय किंवा विल्यम्स काय, दोघेही व्हॅन डाइकच्या जवळपासचे नव्हते. त्यांच्यामुळे फाबिन्यो आपल्या जागी परतला, हा त्यांचा खरा उपयोग होता, आणि राखीव खेळाडूला मोजायचं ते असं.

चूक तारखेत होती. विंडो 2 जानेवारीला उघडली तेव्हा व्हॅन डाइक आणि गोमेझ दोघेही सीझन संपेपर्यंत परतणार नाहीत, अशीच चिन्हं होती. तरी लिव्हरपूल महिनाभर थांबलं. 4 जानेवारीला साउथॅम्प्टनविरुद्ध आणि 17 ला युनायटेडविरुद्ध जॉर्डन हेंडरसन आणि फाबिन्यो हे दोन मिडफिल्डर बचावात उभे होते, 21 ला बर्नलीविरुद्ध मातिपबरोबर पुन्हा फाबिन्यो. त्या तीन लीग सामन्यांत लिव्हरपूलला एकही गोल करता आला नाही आणि गुण मिळाला तो एकच.