सिक्युरिटी रिपोर्ट पाठवायची अचूक पद्धत

मागच्या शनिवारी रात्री साडेअकराला एका कंपनीचा मेल आला. विषय 'अर्जंट!!', आत एकच ओळ, 'काइंडली डू द नीडफुल, २४ तासांत कन्फर्म करा', आणि खाली ६४ पानी पीडीएफ. मी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, सांभाळतो. ही कंपनीही तीच वापरते. आकडा दिला की अक्षरी लिहून देते, १,२५,००० चं 'एक लाख पंचवीस हजार फक्त', बिलांवर लागतं ते. फुकट आहे, नोकरी सांभाळून रात्री करतो. पण मेल वाचला आणि कळलं की सिक्युरिटीची माहिती कशी पाठवायची असते हे आपल्याला आजवर कुणी शिकवलंच नव्हतं. तर त्या थोर कंपनीकडून जे शिकलो ते तुमच्यासाठी.

आधी कोडमधली सिक्युरिटीची भोकं शोधणारा स्कॅनर चालवा आणि बाहेर पडेल ते जसंच्या तसं पाठवा. वाचायचं नाही. वाचलंत तर निम्मं गळून जाईल आणि पीडीएफ बारीक दिसेल.

वेळ शनिवार रात्र. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ मिळाली तर सोन्याहून पिवळं.

समोरच्याचा कोड कशात लिहिलाय ते बघत बसू नका. जानेवारी २०२२ मध्ये कर्ल हे डेटा आणायचं-पाठवायचं टूल सांभाळणाऱ्या डॅनियल स्टेनबर्गला एका बड्या कंपनीनं असाच मेल टाकला होता, तेव्हा भोक सापडलेल्या लॉगफोरजे या दुसऱ्याच लायब्ररीबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं २४ तासांत द्या म्हणून. कर्ल सी मध्ये, लॉगफोरजे जावात. पण विचारायला काय जातंय?

आवृत्ती कुणी विचारली तर 'लेटेस्ट' म्हणा. लेटेस्ट म्हणजे नोकरी सोडून गेलेल्या पोरानं लॉक फाइलमध्ये, म्हणजे आवृत्त्या पक्क्या करणाऱ्या यादीत, टाकून ठेवलेली.

चुकून खरंच भोक सापडलं तर प्रायव्हेट रिपोर्टचं बटण शोधू नका, सरळ पब्लिक इश्यू, म्हणजे सगळ्या जगाला दिसणारी तक्रार, उघडा आणि हल्ल्याचा कोड पेस्ट करा. लपवाछपवी आपल्या संस्कारात नाही.

मेंटेनर, म्हणजे माझ्यासारखे कोड सांभाळणारे, असाल तर भोक बुजवून चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, 'किरकोळ सुधारणा' लिहा आणि झोपा.

आता मुख्य मुद्दा, आकडा. लहान आकड्याला कोण विचारतं? माझ्या पीडीएफमध्ये १८७ नोंदी होत्या, त्यात १२ लाल, म्हणजे सगळ्यात गंभीर. रविवारी सकाळी चहा घेऊन एकेक उघडायला बसलो. पहिली लाल: टेस्ट चालवायच्या टूलच्या आत चार पायऱ्या खाली असलेलं एक पॅकेज, त्यातल्या रेगेक्सला, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्राला, लांबलचक स्ट्रिंग दिली की प्रोसेस अडकते. बापरे! पण ते टूल माझ्या लॅपटॉपवर चालतं, तुम्ही लायब्ररी इन्स्टॉल करता त्यात ते येतच नाही, म्हणजे हल्ला करणार कोण तर मी, मरणार कोण तर मीच. दुसरी लाल उघडली, तीच, फक्त दुसऱ्या वाटेनं आलेली. तिसरी, तीच. एक उंदीर स्वयंपाकघरात दिसला, मग माळ्यावर दिसला, मग बाथरूममध्ये दिसला, की लिहा तीन उंदीर! बायको दोनदा येऊन गेली, पोहे गार झाले, मी अजून सातव्या उंदरावर. आणि कंपनीवाल्यांनो, हे सगळं डेव्ह डिपेन्डन्सी, म्हणजे फक्त बनवणाऱ्याला लागणारी पॅकेजेस, वगळून एक ऑडिट कमांड मारली असती तर तुम्हालाच अर्ध्या मिनिटात कळलं असतं, पण मग ती कमांड टाइप करावी लागली असती ना, ती कोण करणार, तुमच्याकडे नुसती सिक्युरिटी टीमच तर आहे.

चेष्टा पुरे. त्या १८७ मध्ये एक खरी होती.

पान ४१, नोंद १३२, रंग पिवळा, 'मीडियम'. सेटिंग्ज एकत्र करायला मी वापरत होतो ते पॅकेज, प्रोटोटाइप पोल्यूशन, म्हणजे बाहेरच्या डेटानं प्रोग्रॅममधल्या ऑब्जेक्ट्सचा मूळ साचाच बिघडवता येतो, आणि तो कोड खरोखर चालतो, तुमच्या बिलिंग सर्व्हरवर, बाहेरून आलेला डेटा घेऊन. मी तिथवर पोचलो तेव्हा बुधवारची रात्र झाली होती. चार दिवस भोक उघडं, कारण तुम्ही ते १८६ फालतू नोंदींखाली गाडून पाठवलंत. कुठलं पॅकेज, कुठली आवृत्ती, कुठलं फंक्शन, बाहेरचा डेटा तिथवर पोचतो का, एवढ्या चार ओळी हव्या होत्या. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला एसएसएच लॉगिन, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये शिरणं, अर्धा सेकंद उशिरा होतंय एवढंच खटकलं. त्यानं मुळाशी जाऊन आधी डेबियन या लिनक्सच्या सिक्युरिटीवाल्यांना गुपचूप कळवलं आणि मग सगळ्यांसाठी लिहिलं, एक्सझेड या फाइली आवळायच्या टूलमध्ये चोरदरवाजा, आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१, कुठल्या फाइलींमध्ये काय लपवलंय, कुठल्या सिस्टीमवर चालतं. आपण सिक्युरिटी रिसर्चर नाही हेही त्यानंच लिहिलं होतं. तुम्ही त्याच कामाचा पगार घेता आणि तुम्हाला स्वतःचा पीडीएफ उघडवत नाही? लाज वाटू द्या जरा.

गुरुवारी पॅकेज काढून टाकलं, नवी आवृत्ती सोडली, ॲडव्हायजरीत, म्हणजे जाहीर इशाऱ्यात, त्या चार ओळी लिहिल्या आणि लिंक त्यांना मेल केली.

काल उत्तर आलं. 'एनी अपडेट ऑन धिस?' सोबत नवा पीडीएफ. स्कॅन त्यांच्याकडच्या जुन्याच कॉपीचा, नोंदी १९१.