केळीला फांद्या फुटल्या हो!

आज एक दिवाळी अंक घरी आला. त्यात रावेरकडच्या केळीच्या बागेवरची एक कथा आहे. कथा झकास. आणि चित्र? केळीला आंब्यासारख्या फांद्या, प्रत्येक फांदीला चार-चार केळी, तीही टोकं खाली करून लोंबतायत. केळफुलाचा पत्ता नाही. शेजारच्या बाईच्या हाताला सहा बोटं. चित्रकाराचं नाव नाही, कारण चित्रकारच नाही. कॉम्प्युटरला सांगितलं, त्याने ओकलं.

जळगाव जिल्ह्यात बसून केळीला फांद्या छापता? बांधावर जाऊन यायला किती वेळ लागतो?

आमचे आप्पा अमळनेरला ड्रॉइंग मास्तर होते. एका साप्ताहिकाच्या दिवाळी अंकासाठी त्यांनी मांडे करणारी बाई काढली होती. त्यासाठी शेजारच्या जिजींच्या चुलीपुढे दोन दुपारी बसले. मांडा हातांवर फिरत फिरत मोठा होतो, पार कोपरापर्यंत उतरतो आणि मग उपड्या खापरावर पडतो. ती मनगटं काही जमेनात. जिजी म्हणाल्या, "काय रे भाऊ, खावाले उना का चित्र काढाले?"

लंडनला १८४२ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' निघालं, तेव्हा चित्रं लाकडात कोरून छापत. पुढे पुढे मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे बोल्टांनी जोडायचे, घाई असली की सुटे करून वाटून द्यायचे. एकाकडे आभाळ, दुसऱ्याकडे गर्दी. रात्रभर कोरून पुन्हा जोडायचे. त्यातल्या बहुतेकांची नावं कुठे छापली नाहीत. म्हणजे ही खोड जुनीच. 'चांदोबा'तला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आपण सगळ्यांनी पाहिलाय, पण तो काढणाऱ्या शंकर यांचं नाव मला कळलं ते २०२० साली, ते गेले तेव्हा.

पण ही माणसं निदान बघायची तरी! आपल्या भुसावळला मेजर गिलची कबर आहे. १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या अंधारात बसून तो भिंतींवरची चित्रं उतरवत होता. त्यातली बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. आणि तुम्हाला रावेर लांब पडतं!

चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा दिवाळी अंक काढला. त्यांची मुखपृष्ठं, मुळगावकरांचे देव, आमच्याकडे लोक कापून काचेत बसवायचे. आता म्हणाल, दलालांच्या बायका जरा जास्तच देखण्या, राबणारी बाई अशी दिसते का? बरं, नसते. पण बोटं पाचच असतात.

संपादकांना फोन केला. ओळखीचे आहेत, माणूस वाईट नाही. कागद महागलाय, जाहिराती मिळत नाहीत, तेही खरं. मग चित्र छापूच नका ना! तर म्हणाले, "ताई, कोणाच्या लक्षात येणार आहे?"

अहो, रावेरात वाचणार नाही का कोणी?

फोन ठेवला आणि आप्पांच्या त्या मांड्यांच्या चित्राचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, काढून बसले. जस्ताचा पत्रा, खाली लाकूड, कोपऱ्यांत बारीक खिळे. पानात जागा कमी पडली म्हणून छापखान्याने त्याची खालची पट्टी लाकडासकट करवतीने उडवली होती. नेमकी त्या पट्टीत सही. पैसे नाहीत, अंकाच्या दोन प्रती मिळाल्या. आप्पा काही बोलले नाहीत. त्यातली एक प्रत जिजींना देऊन आले, म्हणाले, "मनगटं बघा, जमली का?" जिजींनी अंक चुलीपासून लांब धरला आणि आधी पदराला हात पुसले.

राग ओसरलाय आता थोडा. संपादकांना उद्या परत फोन करीन, पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतला एक पोरगा चित्र काढून देईल म्हणून सांगीन. पैसे मात्र आधी ठरवायचे, आणि सहीवर करवत चालवायची नाही.

ब्लॉकचा फोटो खाली टाकलाय. ठसा आहे, त्यामुळे जिजींची नथ उलट्या बाजूला दिसेल. खाली डाव्या कोपऱ्यात मोठं करून बघा. सहीतली एक वेलांटी करवतीतून वाचलीय.