‘जनुकं चांगली असतील तर दारू बाधत नाही’: म्हणे!

गरोदरपणातल्या दारूबद्दल एक मेसेज बराच फिरतोय. बाळाच्या मेंदूचं काय होणार ते जनुकं ठरवतात, आईला दारू सहज पचत असेल तर एखादा ग्लास चालतो, तीन महिने सरले की धोका टळला, वाइन तर सौम्यच, आणि आधी घेतलीच असेल तर आता सोडून काय फायदा, असं त्यात ठासून सांगितलंय.

जनुकांचा वाटा खरा आहे, म्हणूनच मेसेज पटतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पोटात असताना दारूचा संपर्क आलेल्या जुळ्यांच्या १६ जोड्या तपासल्या होत्या. एकसारख्या जुळ्यांच्या (ज्यांची जनुकं सारखीच असतात) पाचही जोड्यांत दोघांचं निदान सारखं निघालं. भिन्न जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत वेगळं. गर्भाशय एकच, आई प्यायली तीही तेवढीच, तरी एकाला इजा जास्त. म्हणजे जनुकं इजा कमी-जास्त करतात. इजा करते ती दारूच. ती नसेल तर फीटल अल्कोहोल सिंड्रोम (आईच्या दारूमुळे बाळाच्या मेंदूवर, वाढीवर आणि चेहऱ्यावर होणारा परिणाम) होतच नाही, मग जनुकं कशीही असोत. शिवाय बाळाची निम्मी जनुकं वडिलांकडून येतात. अमुक बाळाला दारू सोसेल, असं जन्माआधी सांगणारी चाचणी नाही.

‘सहज पचते’ हा मुद्दा त्याहून फसवा. दारूचं विघटन करणाऱ्या एडीएच या विकराचा (एन्झाइमचा) वेगवान प्रकार आईत असेल तर इजा कमी होते, असं काही अभ्यासांत दिसलंय. कमी, शून्य नव्हे. दारू वार (प्लासेंटा) ओलांडून बाळाच्या रक्तात जाते आणि तिथली पातळी जवळपास आईइतकीच होते. बाळाच्या यकृताला ती जिरवणं फारसं जमत नाही. त्यात ती गर्भजलातही उतरते आणि बाळ ते पाणी गिळत राहतं. (‘मला चढत नाही’ म्हणणारी व्यक्ती सहसा जास्तच पिते, हेही आहेच.)

तीन महिन्यांचा हिशेब चेहऱ्यावरून आला असावा. पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ, डोळ्यांच्या आखूड फटी या खुणांचं मूळ अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत असतं. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. पण त्यानंतरही मेंदूत पेशी आपापल्या जागी सरकत असतात, दोन गोलार्धांना जोडणारा पट्टा तयार होत असतो, लहान मेंदू तर शेवटच्या महिन्यांत झपाट्याने वाढतो. त्यामुळे चेहरा नेहमीसारखा असूनही पुढे लक्ष, स्मरण, हिशेब, रागावरचा ताबा यांत अडचणी येणारी मुलं बरीच असतात.

वाइनबद्दल काय बोलायचं? इथेनॉल तेच.

राहिला ‘आता सोडून काय फायदा’. मेंदू नऊही महिने घडत असतो, त्यामुळे कुठल्याही आठवड्यात थांबलं तरी पुढची इजा टळते. नकळत घेतली गेली असेल तर डॉक्टरांना सरळ सांगावं. रोज पिण्याची सवय असेल तर मात्र एकदम बंद करण्याआधीच सांगावं, कारण अचानक सोडल्यावर झटके येऊ शकतात.