माझं नाव लाल रंगात

ठाण्याहून निघालेल्या गाडीने दिघा गाव सोडलं की मी मोबाइल खिशात टाकतो, कारण पुढचं ऐरोली. त्या दिवशी मात्र नेमका तेव्हाच ऑफिसचा मेल उघडला आणि थेट रबाळ्याला पोचलो. एआय कोण किती वापरतं याची यादी होती. माझं नाव लाल रंगात. वापर शून्य.

२००४ साली ही लोकल सुरू झाली तेव्हापासून मी हिच्यातून जाऊन कोड लिहितोय. आधी डोक्याने, मग स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटवरून उचलून. (उचलण्यात आमची पिढी कच्ची नव्हती.) आता उचलायलाही मशीन! मुकाट्याने त्याला कामाला लावलं. कोड झरझर आला, पण चालेना. त्यातली एक लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, काही केल्या सापडेना. अर्धा दिवस गेल्यावर शेजारची ट्रेनी म्हणाली, "सर, ती नाहीचये. त्याने मनाने लिहिलीय."

कुठल्या शब्दापुढे कुठला शोभेल एवढंच ते बघतं. घोडबंदर रोडला पत्ता विचारा, "सरळ जा, देवळापासून डावीकडे" म्हणणारा भेटतोच. ठाऊक नसतं, पण नाही म्हणवत नाही. तसलाच प्रकार. चूक दाखवली तर "तुमचं अगदी बरोबर आहे" म्हणत त्याने दुसरी, तीही नसलेली, लायब्ररी दिली. वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी एकदाही ऐकलेलं नाही. रागावणार तरी कसं?

"पण सर, आकडा वाढला ना?" ट्रेनी म्हणाली.

खरंच की! यादीत मोजत होते टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे. काम झालं की नाही, हा रकानाच नव्हता. मग मी सुटलो. सोसायटीच्या टाकीसफाईची नोटीस, सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचं भाषण, कोथिंबीर वडी तेलात का फुटते. मराठीचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात हे कळल्यावर तर सगळं मातृभाषेतच विचारू लागलो. मराठी बाणा एरवी इतका कामी आला नव्हता.

पुढच्या यादीत मी पहिला. हिरवा! मॅनेजरने टाळ्या वाजवायला लावल्या, ज्युनियरना शिकवायची जबाबदारीही दिली.

संध्याकाळी परतीच्या गाडीत अकाउंट्सचा मेल आला. टोकनला पैसे पडतात, सर्वाधिक खर्च करणाऱ्यांची यादी सोबत जोडली आहे. माझं नाव लाल रंगात.

ठाणं शेवटचं स्टेशन, म्हणून उतरलो.