चौतिशीतला रिपीटर

लातूर-अंबाजोगाई एसटीत जीन वुल्फ या अमेरिकन लेखकाची कादंबरी वाचायला बंदी नाही. पण परवा शेजारच्या काकांनी माझी जी उलटतपासणी घेतली त्यापेक्षा बंदी बरी.

काकांच्या मांडीवर पिशवी, पिशवीतून कोथिंबीर बाहेर, आणि गाडी स्टँडातून निघायच्या आत त्यांची मान माझ्या पुस्तकात.

"लई खुणा केलाव की. काय वाचूलालाव?"

"कादंबरी आहे. दुसऱ्यांदा वाचतोय ना, म्हणून पेन्सिलीच्या खुणा."

"म्हंजे रिपीटर हाव!"

पुढच्या दोन सीटा वळल्या. आता लातुरात रिपीटर म्हणजे नीटवालाच, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला परत बसणारा, दुसरा अर्थच नाही. काकांनी माझ्या पिकलेल्या कल्ल्यांकडं बघितलं, जरा विचार केला आणि धीर दिला, "2022 लाच वयाची अट काढलीय. घाबरू नका. आमच्या भाच्याचा बी तिसऱ्या खेपंलाच नंबर लागला."

मग मी, कशाला कोण जाणे, समजावत बसलो. की बघा काका, हा लेखक मूळचा इंजिनियर, प्रिंगल्सचे वेफर शिजवायच्या मशीनवर काम केलेला माणूस, त्यानं 1980 ते 83 मधे चार भागांत ही गोष्ट लिहिली. सांगणारा म्हणतो मी काहीच विसरत नाही, पण पठ्ठ्या सोयीचं तेवढंच सांगतो. एका ठिकाणी जुनं चित्र येतं, ओसाड रान, चिलखत घातलेला माणूस, तोंडावर सोन्याची झापड, हातात ताठ झेंडा. पुढं पानं उलटून गेल्यावर डोक्यात उजेड पडतो की हा तर चंद्रावर उतरलेला अंतराळवीर! गोष्ट इतक्या पुढच्या काळातली की लोक ते सगळं विसरलेत. म्हणून परत वाचायचं.

"मग पहिल्यांदाच नीट सांगायला काय झालतं त्याला?"

मी गप्प. मग म्हटलं, "काका, तुम्ही ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसता का?"

"दर सप्त्याला!"

"मग तुम्हाला कुणी रिपीटर म्हणतं का?"

"त्यात पुण्य है. ह्यात काय है?"

सगळी गाडी हसली, कंडक्टरसकट. खरं सांगतो, तेव्हापासून डोकं फिरलंय. ज्या मुलखात एकच ग्रंथ पिढ्यानपिढ्या घोळवून वाचतात, प्रत्येक वाचनाला नवीन सापडतं म्हणतात, तिथं कादंबरी परत उघडली की माणूस ढ. पुस्तकाच्या दुकानात जावं तर भिंतभर एमसीक्यूची, म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांची गाइडं, कादंबरी विचारली की पोरगं म्हणतं ऑनलाइन बघा. पुस्तक म्हणजे किती मार्काला येतं एवढंच. आणि आईवडील कर्ज काढून तीन-तीनदा त्याच गाइडांवर पोरं बसवतात, त्याला मात्र जिद्द म्हणायचं.

रेणापूर आलं. उतरताना काकांनी "बघू जरा" म्हणून पुस्तक घेतलं, खिशातला पेन काढला आणि नेमक्या त्या चित्राच्या पानावर, माझ्या पेन्सिलीच्या बारीक खुणांवरून, ठसठशीत बॉलपेननं भाच्याच्या क्लासचा मोबाइल नंबर लिहिला. खाली, "माझं नाव सांगा, फी कमी करतेत."

नाव लिहायचं विसरले.