‘गगनविहारी’ यांना उत्तर: इंजिन सुरू झालं म्हणजे बॅटरी चार्ज झाली?

गगनविहारी,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. लगेच उत्तर लिहिलं असतं तर भाषा सुटली असती, म्हणून आज सकाळी बसलोय.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सेस्नासारख्या छोट्या विमानाची बॅटरी पार उतरली असेल, तर बाहेरून वीज देऊन इंजिन सुरू करायचं आणि तसंच उडायचं, हा उद्योग करू नये. बॅटरी काढावी, वर्कशॉपच्या बेंचवर चार्ज करावी, क्षमता तपासावी आणि मगच बसवावी. त्यावर गगनविहारी म्हणतात: “काका, जमाना बदलला. एकदा इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) बॅटरी चार्ज करतोच. शिवाय मॅग्नेटो (इंजिनाच्या फिरण्यावरच ठिणगी देणारी यंत्रं) असतात, बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहतं. साध्या गोष्टीचा बाऊ करून नव्या पोरांना घाबरवू नका.” पुढे असंही, की कारचा स्मार्ट चार्जर सर्रास चालतो, पावसाळ्यात बॅटरी काढून ठेवायची गरज नसते आणि माझा लेख फार लांबलाय. शेवटी तीन हसरे चेहरे.

मतभेदाला माझी ना नाही. पण टोपणनावाच्या आडून ‘काका’ म्हणायचं आणि वर खिदळायचं, हे चर्चेचं लक्षण नव्हे. विमान-देखभालीचं लायसन्स मिळाल्यापासून निवृत्तीपर्यंत विमान सोडताना टेक लॉगवर, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीवर, खाली माझी सही असायची. त्या सहीखालून विमान वर जातं तेव्हा माणूस बाऊ करतोच. तुमची सही कशावर असते, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

लेख लांबला, मान्य. हल्लीच्या काही स्मार्ट चार्जरवर सीलबंद एजीएम बॅटरीसाठी (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) वेगळा पर्याय असतो, हेही तुमचं बरोबर.

आता ते ‘चार्ज करतोच’. हा ‘च’ कुठून आणलात?

अल्टरनेटर आपणहून वीज तयार करत नाही. त्याच्या फील्डला, म्हणजे आतल्या चुंबकाच्या गुंडाळीला, आधी करंट लागतो आणि तो बॅटरीकडून येतो. मास्टर स्विच चालू केला की बॅटरीजवळ ‘टक्’ असा आवाज होतो ना, तो कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी विमानाला जोडणारा मोठा स्विच, जोडला गेल्याचा. त्याच्या कॉइलला वीज त्याच बॅटरीची, त्यामुळे बॅटरी ठार मेली असेल तर ते टक् होतच नाही. ग्राउंड पॉवरचं, म्हणजे बाहेरून वीज देण्याचं, सॉकेट असलेल्या सेस्नामध्ये याचसाठी फ्यूज असलेलं वेगळं सर्किट दिलेलं असतं. ज्या विमानाला सॉकेट नाही आणि कुणी बहाद्दराने हाताने पंखा फिरवून इंजिन सुरू केलं, तिथे अल्टरनेटर नुसता गरगरत राहतो आणि अँमीटरचा काटा ढिम्म हलत नाही. हे मी पाहिलेलं आहे, आणि वैमानिक तरीही टॅक्सी करायला, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे न्यायला, निघाला होता, तेही पाहिलेलं आहे.

बरं, अल्टरनेटर चालू झाला असं धरू. उतरलेली बॅटरी पहिल्या काही मिनिटांत भरपूर करंट ओढते, मग काटा खाली येतो आणि आतला माणूस समजतो, भरली. भरलेली नसते. शेवटचा हिस्सा भरायला काही तास लागतात आणि विद्यार्थ्याचं सर्किट-लँडिंग, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्याचा सराव, तासाभराच्या आत आटोपतं. त्यात सेस्ना १७२ मध्ये बॅटरीची पेटी काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आत, फायरवॉलला (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीला) लागून. नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ ला टेकतो, तिथे इंजिनाशेजारी काय होत असेल? तापमान वाढलं की चार्जिंगचं व्होल्टेज कमी करायला हवं. बेंचवर ते करता येतं. बहुतेक छोट्या विमानांतला रेग्युलेटर मात्र ठरलेल्या २८ व्होल्टच्या आसपासच ढकलत राहतो.

आणि ‘इंजिन तर सुरू झालं’ हा पुरावाच नव्हे. विदर्भातल्या एका हँगरमध्ये अशीच एक बॅटरी माझ्याकडे आली होती. मालकाचं म्हणणं, ठणठणीत आहे, उगाच काढायला लावली. मीटर लावला तर २५.७ व्होल्ट. सीलबंद २४ व्होल्टच्या बॅटरीला याहून चांगला आकडा काय हवा! ११ अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणून ११ अँपिअरचा लोड लावला. नियम सरळ आहे: २० व्होल्टला येईपर्यंत नवी बॅटरी तासभर टिकते, ८० टक्के म्हणजे ४८ मिनिटं टिकली तरी चालते, त्याखाली भंगार. ही अर्ध्या तासाच्या आतच बसली. सुरुवातीला व्होल्टेज छान धरून होती, आणि मग २२ च्या खाली आली ती जिन्यावरून गडगडल्यासारखी. स्टार्टरला काही सेकंदांचा झटका पुरतो, तेवढा ती देत होती. मालक शेजारीच उभे होते. त्यानंतर त्यांनी ‘उगाच’ म्हटलं नाही.

तुमचे मॅग्नेटो. हो, इंजिन चालू राहील. पण फ्लॅप्स (उतरताना खाली करायच्या पंखांवरच्या झडपा) विजेवर, रेडिओ विजेवर, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) विजेवर. अल्टरनेटर गेला तर बॅटरीने सुखरूप उतरण्यापुरत्या आवश्यक उपकरणांना किमान ३० मिनिटं वीज द्यावी, असं अमेरिकी प्रमाणन नियमांच्या २३ व्या भागात अनेक वर्षं लिहिलेलं होतं. तासाभरापूर्वी मेलेली बॅटरी घेऊन उडणाऱ्याकडे ती ३० मिनिटं कुठून येणार?

सगळ्या छोट्या विमानांना मॅग्नेटो असतात, हे तर कुणी सांगितलं? ४ मार्च २००७ रोजी जर्मनीत श्पायरला एक डायमंड डीए-४२ उडालं. दोन डिझेल इंजिनं, दोन्ही संगणकाने चालणारी. बॅटरी उतरलेली होती म्हणून बाहेरची वीज लावून इंजिनं सुरू केली होती. उडाल्यावर वैमानिकाने चाकं वर घेतली, त्या भाराने व्होल्टेज क्षणभर पडलं, दोन्ही इंजिनांचे संगणक रीसेट झाले आणि दोन्ही पंखे फेदर होऊन, म्हणजे पाती वाऱ्याच्या रेषेत वळून, थांबले. इथेही इंजिन सुरू झालंच होतं, गगनविहारी. उंटावरून शेळ्या हाकताना एवढं तरी वाचावं.

कारच्या चार्जरबद्दल एवढंच, की एजीएमचं बटण असतं त्याच यंत्रावर ‘रिपेअर’चंही बटण असतं. ते दाबलं की व्होल्टेज चढतं, सीलबंद बॅटरीतलं पाणी वायू होऊन जातं आणि ते परत घालायला झाकणच नसतं. पावसाळ्याचा मुद्दा मागच्या लेखात आहे, तो तुम्ही न वाचता लिहिलंय हे उघड आहे, म्हणून पुन्हा उगाळत नाही.

पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी एक करा. तुम्ही ज्या विमानातून उडता, त्याच्या बॅटरीची शेवटची कपॅसिटी टेस्ट कधी झाली आणि किती मिनिटं टिकली, ते लॉगबुकात बघा. दोन्ही आकडे इथे टाका, मग बोलू. हसरे चेहरे नकोत.